बारा चौकोनांवर हळद

माझ्या ओट्यावर मसाल्याचा एक गोल डबा आहे. पांढरा, आत सात वाट्या, वर झाकण. झाकणाचा माथा अंड्याच्या टरफलासारखा आहे. आरशासारखा चमकत नाही आणि हाताला खरखरतही नाही. फक्त कडेला, जिथं बोटं लागतात तिथं, बोटभर रुंदीची दाणेदार पट्टी आहे. तेलकट हातानं धरलं तरी झाकण सटकत नाही. ही पट्टी तिथं का आहे ते आमच्या कारखान्यातल्या चारपाच माणसांना माहीत आहे. घरी मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. मुलीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली आहेत, तर त्यांत लिहून ठेवते.

कारखाना शहराबाहेर सांवेर रोडला आहे. प्लास्टिकचा दाणा वितळवून साच्यात दाबतात, साचा उघडला की गरम वस्तू खाली पडते. मशीनपासून दहा पावलांवर चेकिंगचं टेबल, वर दोन ट्यूबलाइट. आम्ही चौघी बायका तिथं बसायचो. वस्तू हातात घ्यायची, प्लास्टिक जिथून आत शिरलं तिथलं शेपूट ब्लेडनं कापायचं, उजेडात फिरवून बघायचं, अंगठा फिरवायचा. चांगली असेल तर कार्टनमध्ये, नसेल तर लाल क्रेटमध्ये. लाल क्रेट मागच्या पत्र्याच्या खोलीत ग्राइंडरवर जातो. तिथं वस्तूचे तुकडे होऊन पुन्हा दाणा होतो. त्या खोलीत इतका आवाज असतो की हातवाऱ्यांनीच बोलावं लागतं, आणि दिवसभर नाकातोंडात भुकटी जाते. ग्राइंडरवर कुणी आपणहून जात नाही.

मला बोलायला जमत नाही. लहानपणापासून तसंच आहे. चौथीत बाईंनी उभं केलं की उत्तर येत असूनही गळ्याशी अडकायचं. शाळा सुटली ती घरच्या अडचणींमुळे, पण तेव्हा मनात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. कारखान्यात शेठजींना पहिली दोन वर्षं वाटत होतं की मला ऐकू येतं, पण वाचा नाही. चेकिंगचं टेबल म्हणूनच मला आवडलं. तिथं डोळे आणि अंगठा लागतो, तोंड लागत नाही.

पंधरा वर्षं अंगठा फिरवून मला एक गोष्ट नीट कळली होती. वस्तूचं अंग साच्याच्या अंगावरून येतं. साच्याचं पोलाद घासून आरसा केलेला असेल तर वस्तू चमकते, पोलादावर दाणे असतील तर वस्तूवर दाणे येतात. चमकतं अंग चुगलखोर. प्लास्टिक थंड होताना कुठं जरा खचलं तर तो खळगा दिसतो, वाहत गेल्याची रेघ दिसते, माझ्या बोटाचा ठसासुद्धा दिसतो. मॅट, म्हणजे चमक नसलेलं अंग घरातल्या मोठ्या जाऊसारखं, बारीकसारीक पोटात घालतं. आमच्या लाल क्रेटमध्ये कुठला माल जास्त पडतो ते मी साचा बघून आधीच ओळखायचे. पण ओळखून करायचं काय? विचारणार कोण, आणि विचारलं तरी सांगणार कोण?

सांगायचं काम काकू करायच्या. आमच्या टेबलावर त्या सगळ्यांत जुन्या. ब्लेड कसं धरायचं हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. दोन वर्षांपूर्वी टिफिनच्या काळ्या चमकत्या झाकणांचा माल व्यापाऱ्याकडून परत आला. सगळ्या झाकणांवर चरे. शेठजी कार्टन घेऊन टेबलापाशी आले आणि झाकणं आमच्यापुढं ओतली.

"आँखें घर पे रख के आती हो क्या?"

आमच्या टेबलावरून माल स्वच्छ गेला होता. कार्टनमध्ये झाकणावर झाकण, त्यात ट्रकचा रस्ता. चमकत्या अंगावर चमकतं अंग घासलं तर चरे पडणारच. हे मला माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं आणि त्या बोलल्या.

"शेठजी, माल हमने अच्छा भेजा था. ये चमक ही खराब है. इसको मॅट करवाओ."

"अच्छा! अब साँचे का फिनिश भी आप बताओगी?" शेठजी हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "कल से आप ग्राइंडर पे बैठो. और सुन लो सब, एक माल और वापस आया ना, तो ये टेबल ही उठवा दूँगा. सीधे मशीन से पैकिंग. सब की सब पीछे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ये बताएगी," त्या म्हणाल्या, "इससे पूछो. इसका अंगूठा झूठ नहीं बोलता."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून शेपटं कापत राहिले. अर्धं मिनिट असेल. ते अर्धं मिनिट मला पुढं खूप दिवस पुरलं.

काकू मागे गेल्या. जेवणाच्या सुट्टीत आमच्यातच येऊन बसायच्या. भुवयांवर पांढरी भुकटी. म्हणायच्या, "बघ गं, एका दिवसात म्हातारी झाले. शेठजींनी मेकअप फुकट दिला." मला त्या कधी काही लागेल असं बोलल्या नाहीत. त्यानंच जास्त लागायचं.

मग या मसाल्याच्या डब्याचं काम आलं. मोठं काम होतं. डबा विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस शहरात पलासियाला, तिथली डिझाइनची मॅडम आमच्याकडे यायची. तरुण मुलगी, केस आखूड, बोलणं भरभर. साचा आमच्या टूलरूममध्येच तयार झाला होता. टूलरूमचे मिस्त्री महूचे. त्यांचे वडील आणि आजोबा सैन्यात होते. मिस्त्रींच्या हत्यारांकडे बघूनही ते कळतं, सगळी रांगेत, सगळी लख्ख. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात. आमचं बोलणं एवढंच, पण चांगलं आहे.

साचा तयार होता, फक्त झाकणाचं अंग ठरायचं होतं. मॅडमनं एक पाटी आणली होती. तळहाताएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची, तिच्यावर बारा चौकोन आणि प्रत्येकाखाली नंबर. एक नंबर आरशासारखा. दोन, तीन, चार हळूहळू मंद होत जातात. सहाला बारीक रव्यासारखे दाणे. नऊ म्हणजे चामड्यासारख्या सुरकुत्या. बारा तर घासकागदच. हिऱ्याच्या पेस्टनं साचा आरसा करायचा की बाहेरगावी पाठवून पोलादाला तेजाबानं दाणे पाडायचे, हे त्या पाटीवर बोट ठेवून ठरतं. उजेड चांगला म्हणून सगळे आमच्याच टेबलापाशी उभे राहिले.

"मैडम, चमकेगा तो बिकेगा," शेठजी म्हणाले. "एक नंबर करो. दुकान में दूर से दिखना चाहिए."

"चमक पे स्क्रैच आते हैं शेठजी. फिर माल वापस आता है," मॅडम म्हणाली. "नौ नंबर देखिए. लेदर. हाथ में लो तो महँगा लगता है."

माल वापस, हे ऐकल्यावर शेठजींनी आमच्याकडे नजर टाकली. "वापस तो आना ही नहीं चाहिए. इन देवियों का भी सवाल है."

मिस्त्रींनी एवढंच सांगितलं की लेदर माथ्यावर चालेल, उभ्या कडेवर नको. साचा उघडतो तेव्हा वस्तू बाजूच्या भिंतीला घासत निघते. दाणे खोल आणि भिंतीला उतार कमी असेल तर वस्तू सोलवटून बाहेर येते. मग ठरलं: माथ्यावर नऊ नंबर, कडा साधी गुळगुळीत. मॅडमनं पाटी टूलरूममध्ये ठेवली आणि म्हणाली, सोमवारी येते, शेवटची सही करते, साचा त्याच दिवशी तेजाबाला जाईल.

चहाच्या वेळी मी मिस्त्रींना विचारलं, "दादा, नंतर नको वाटलं तर बदलता येतं?"

"भाजीत मीठ घालण्यासारखं आहे ताई. घालता येतं, काढता येत नाही. तेजाबानं एकदा पोलाद खाल्लं की खाल्लं. मग सगळा माथा तासून काढायचा, म्हणजे अर्धा साचा नव्यानं."

मला त्या दिवशी लेदरमध्ये काही चुकीचं दिसलं नव्हतं. चरे लपतील, माल परत येणार नाही, टेबल राहील. मी मनातून खूषच होते. आम्ही सगळे कोरड्या, स्वच्छ हातांनी, ट्यूबलाइटखाली मसाल्याच्या डब्याचं अंग निवडत होतो आणि ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. दोन वेळा फोडण्या देणारी मी!

शनिवारी खंडेनवमी होती. आमच्या घरात खंडेनवमीला विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. सासऱ्यांचे पूर्वज इथल्या संस्थानच्या फौजेत होते. तलवारी गेल्या, पूजा राहिली. शेठजींना हे माहीत आहे. दर वर्षी म्हणतात, "मराठी लोग ये काम बढ़िया करते हैं, आप ही करो." वर्षातलं हे एकच काम, ज्यात मी सगळ्यांच्या पुढं उभी राहते, कारण त्यात बोलावं लागत नाही.

मिस्त्री बौद्ध आहेत. ते हळदकुंकू लावत नाहीत, आणि दसऱ्याला त्यांचा महूला कार्यक्रम असतो. पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एकेक हत्यार पुसून, तेल लावून पांढऱ्या कापडावर मांडून ठेवतात. "माझं काम घासायचं, तुमचं रंगवायचं," असं दर वर्षी म्हणतात आणि बाहेर जाऊन उभे राहतात.

लोखंडावर कोरडी हळद टिकत नाही, म्हणून मी घरूनच तेलात कालवून नेते. मशीनला लावली, साच्याला लावली, कापडावरच्या कानशींना, पान्यांना, पॉलिशच्या दगडांना लावली. त्याच कापडावर दगडांशेजारी ती पाटी होती. मला वाटलं, हेही यांचं हत्यारच. आणि बारा चौकोन बघून वाटलं, एकालाच लावलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून मी बाराही चौकोनांवर बोट टेकवलं. एक एक ठिपका, ओळीनं. छान दिसत होती. मला आपलं कौतुकही वाटलं.

रविवारी दसरा, कारखाना बंद. सोमवारी सकाळी पूजेचं आवरायला मी लवकर गेले. हत्यारं पुसली आणि पाटी हातात घेतली. एक नंबर फडक्यानं एका फटक्यात निघाला. दोन, तीन, चार निघाले. पाचवर पुसट डाग राहिला. सहाला दातांच्या ब्रशनं घासलं तेव्हा बराचसा गेला. सात, आठ पिवळे. आणि नऊ! सुरकुती सुरकुतीत हळद बसली होती. साबण लावला, भांड्यांची पावडर लावली, ब्रश मोडेपर्यंत घासलं. वरचं पांढरं, खाचा पिवळ्या, उलट जास्तच उठून दिसायला लागलं.

पाटी मॅडमची, ती अकराला येणार. मी नळाखाली पाटी धरून तशीच उभी होते तेव्हा मिस्त्री आले.

"काय झालं ताई?"

मी पाटी दाखवली. त्यांनी उजेडात धरून बघितली, नखानं नऊ नंबर खरवडला.

"अरे बाप रे. ही तर हळदीला बसलेली नवरी झाली."

मला हसू आलं नाही. मी त्या नऊ नंबरकडे बघत होते. डोळ्यांपुढं माझा जुना मसाल्याचा डबा आला. फोडणीला तेल तापलंय, उजवा हात तेलकट, डाव्यानं झाकण दाबून धरायचं, हळदीची चिमूट सांडायची ती झाकणावरच. रोज, दोन वेळा. महिनाभरात ते महागडं लेदर कसं दिसेल ते माझ्या हातात होतं.

"दादा, हे मसाल्याच्या डब्याला नको," मी म्हटलं.

त्यांनी पाटी पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाले, "खरं आहे. पण हे मी नाही सांगू शकत. मला साचा कळतो. डबा तुम्हाला कळतो."

"मी नाही बोलणार. तुम्ही सांगा."

"मी पाटीचं सांभाळून घेतो, माझ्याकडून खराब झाली म्हणतो. पण डब्याचं तुमचं तुम्ही बघा." असं म्हणून ते टूलरूमचे दिवे लावायला आत गेले.

अकराला अजून वेळ होता. मी माझ्या जेवणाच्या डब्यातल्या भाजीवरचं तेल घेतलं, अंगठ्याला लावलं आणि एकेक चौकोन दाबून सरकवून बघितला. पहिले चार सटकत होते. सहा धरून ठेवत होता. मग जुन्या काळ्या झाकणाची कड घेऊन चौकोनांवर घासली. एकवर लगेच चरा. दोनवर चरा. चारवर डोळ्याला काही दिसेना. मी दोनदा करून बघितलं, मग तिसऱ्यांदा. अंगठा खोटं बोलत नाही, असं काकू म्हणाल्या होत्या. मागून ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. काकू कामाला लागल्या होत्या.

मॅडम आली, मागून शेठजी. मिस्त्रींनी पाटी टेबलावर ठेवली. मॅडमनं उचलली आणि तिचं तोंड उतरलं.

"ये क्या है?"

"किसने किया?" शेठजींचा आवाज चढला. "पीछेवाली ने? पूजा में वो भी थी ना?"

पीछेवाली म्हणजे काकू.

मिस्त्री पुढं झाले. "शेठजी, वो मेरे से..."

"मैंने किया," मी म्हटलं.

इतक्या हळू म्हटलं की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मी उभी राहिले. गळ्याशी तेच चौथीतलं अडकलं होतं. तरी पुन्हा म्हटलं, "मैंने लगाई. हल्दी. बारा ही पे."

शेठजी माझ्याकडे बघतच राहिले. "ये बोलती भी है?" ते मिस्त्रींना म्हणाले. "भिया, पंद्रह साल में पहली बार बोली, और नुकसान करके बोली!"

आमच्यातल्या एकीला फिसकन हसू आलं. त्या हसण्यानं मला उलट सोपं झालं. मी पाटी मॅडमच्या हातातून घेतली. आज आठवलं तरी नवल वाटतं. मी तिच्या हातातून घेतली.

"नऊ से हल्दी नहीं जाती. दो दिन में ऐसा हुआ. घर में तो रोज लगेगी."

मॅडम पाटीकडे बघत होती. मग एकदम मराठीत म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी आहात?" तिचं घर तुकोगंजचं, जुनं मराठी, हे मला नंतर कळलं. तिची मराठी आजीशी बोलण्यापुरतीच होती. "तेल आहे का? मला ट्राय करून बघायचं आहे."

मी माझी हळदीची वाटी पुढं केली. तिनं बोट बुडवून आठ आणि नऊवर चोळलं, लगेच ओल्या फडक्यानं पुसलं. नाही निघालं. तिच्या बोटाचं टोक पिवळं झालं, ते तिनं शेठजींना दाखवलं. मग मला म्हणाली, "तुम्ही असत्या तर कोणता सिलेक्ट केला असता?"

मी चारवर बोट ठेवलं. "हा पुसला जातो. चरे दिसत नाहीत, मी घासून बघितलं. पण तेलकट हाताला सटकतो." मग सहावर बोट नेलं. "म्हणून कडेला हा. फक्त बोटं लागतात तेवढ्यात. हळद इथंही थोडी धरेल, पण कडेला आहे, आणि ब्रशनं निघते."

मॅडमनं मिस्त्रींकडे बघितलं. "भिंतीवर सहा चालेल? सोलवटणार नाही?"

मिस्त्रींनी डोळे बारीक केले. "नऊ नसतं चाललं. सहाचे दाणे उथळ आहेत. आपण भिंतीला जेवढा उतार दिलाय, त्यात निघेल."

"और चमक?" शेठजी म्हणाले. "मेरी चमक कहाँ गई?"

"चमक डिब्बे के लेबल पे कर देंगे शेठजी," मॅडम म्हणाली.

शेठजींनी पाटी घेतली, चारवर अंगठा फिरवला, सहावर फिरवला. हात पुसला. "ठीक है. पर माल वापस आया तो?"

हे ते माझ्याकडे बघूनच म्हणाले. मी काही ठरवलं नव्हतं. मागून ग्राइंडर चालू होता आणि तोच मला ऐकू येत होता.

"आया तो मैं ग्राइंडर पे जाऊँगी," मी म्हटलं. "नहीं आया तो काकू टेबल पे."

शेठजींनी कपाळावर आठी घातली, मग घसा खाकरला. "चलो, देखते हैं," म्हणाले आणि ऑफिसात गेले. मी बसले. ब्लेड हातात घेतलं आणि पहिलंच शेपूट वाकडं कापलं. ते झाकण मीच लाल क्रेटमध्ये टाकलं.

साचा गेला, आला. पहिलं झाकण मशीनमधून पडलं ते मिस्त्रींनी फडक्यात धरून माझ्याकडे आणलं, गरम गरम, भाकरीसारखं. मी आधी कड बघितली. कुठंही सोलवटलं नव्हतं. माथ्यावर अंगठा फिरवला. मिस्त्री वाट बघत उभे होते. मी मान हलवली. ते म्हणाले, "ताई, आता तर बोलता येतं तुम्हाला." मी म्हटलं, "छान आलंय दादा." ते झाकण त्यांनी टूलरूमच्या खिळ्याला टांगून ठेवलंय, अजून आहे.

पहिला माल गेला. दुसरा गेला. माझी झोप उडाली होती. फाटकात टेम्पो वळला की मी मान वर करून बघायचे, परतीचा तर नाही ना. दिवाळी झाली, संक्रांत झाली. माल परत आला नाही. एका सकाळी आम्ही येऊन बघतो तर टेबलाला चौथी खुर्ची लावलेली. शेठजी काही बोलले नाहीत. त्यांना तरी कुठं बोलता येतं!

काकू येऊन बसल्या. डोक्याचा रुमाल काढला, झटकला, घडी करून मांडीवर ठेवला. पहिलं झाकण उचलून उजेडात फिरवलं. कडेच्या पट्टीवर अंगठा सावकाश पूर्ण गोल फिरवला.

"हीच का ती तुझी खरखर?"

"हो."

"एवढीशी?" त्या म्हणाल्या, आणि झाकण कार्टनमध्ये ठेवलं. मग पुढचं उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उशीर केलास गं. पण केलंस."

मागच्या महिन्यात आम्ही दोघी राजवाड्याकडे भांडी घ्यायला गेलो होतो. दुकानात आमचा डबा लावलेला होता, खालपासून वरपर्यंत. एक बाई तो हातात घेऊन झाकण काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती. मी दूर उभी राहून तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं बरोबर पट्टीवर जात होती, तिला न सांगता. मला तेवढं पुरे होतं. पण काकूंच्या तोंडाला कुलूप कुठं!

"भिया," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "ये जो किनारे पे पट्टी है ना, ये इसने पास की है." आणि माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इन्होंने?"

मी काकूंचा पदर ओढत होते. ती बाईही माझ्याकडे बघायला लागली. "अच्छा है," ती म्हणाली. "मेरा पुरानावाला फिसलता था."

काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "तेल का हाथ हो तब भी नहीं फिसलेगा."

दुकानात गर्दी होती, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, तरी तिला ते नीट ऐकू गेलं. तिनं डबा पिशवीत घातला. परतताना काकू बसभर हसत होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते, माझं हसू त्यांना दिसू नये म्हणून.

माझ्या ओट्यावरच्या डब्याची पट्टी आता जरा पिवळी झाली आहे. मी सांगितलंच होतं, थोडी धरेल. माथा मात्र पांढराशुभ्र आहे.